आधी पडाले शिक

संत्र्याची तोड लागली की माझा चुलतभाऊ अजूनही स्वतः शिडीवर चढतो. पन्नाशी ओलांडली, तरी मजुरांवर सोडत नाही. उजव्या हाताने फळ देठाशी कापतो आणि डाव्या हाताने टोपलीत ठेवतो. हा डावा हात खालून पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. तो सरळ केला तर कोपरापासून खालचा भाग अंगाकडे वळलेला दिसतो. ताकद आहे, बोटं चालतात, पण हात वाकडा आहे.

एखादा नवा व्यापारी विचारतोच, "हाताले का झालं भाऊ?"

"लहानपनी झाडावरून पडलो," तो म्हणतो आणि पुढच्या फांदीकडे वळतो.

तो झाडावरून पडला नव्हता. त्याला मी पाडलं होतं. चाळीस वर्षं झाली, तो ही गोष्ट झाडावर ढकलतो आहे आणि मी खाली उभा राहून ऐकून घेतो आहे. ती एकदा लिहून टाकायची होती.

काटोल तालुक्यातलं आमचं गाव. नागपूर साठेक किलोमीटर. दहावी झाल्यावर बाबांनी मला नागपूरला कॉलेजात घातलं. साल १९८४. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत एका खोलीत आम्ही तिघं पोरं राहायचो. स्टोव्हवर भात टाकायचा, घरून आलेलं लोणचं काढायचं, की झाला स्वयंपाक. दर पंधरा दिवसांनी गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती माय भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायची.

त्याच वर्षी मी ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' पाहिला. पिक्चर १९७३ चा. तो लागायच्या आधीच, २० जुलै १९७३ रोजी ब्रूस ली हाँगकाँगमध्ये गेला होता. वय अवघं बत्तीस. पण आमच्यासाठी तो जिवंतच होता. खोलीत परतलो तर आम्ही तिघंही चालता चालता लाथा मारत होतो. माझ्या एका सोबत्याने खुर्चीच्या मोडक्या पायाचे दोन तुकडे केले, मधे सायकलची चेन अडकवली आणि नानचाकू तयार केला. पहिल्याच फिरकीत तो त्याच्या कपाळावर बसला.

ब्रूस लीही कुणाचा तरी शिष्य होता, हाँगकाँगमध्ये इप मॅन नावाच्या गुरूकडे पोरवयात शिकला होता, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. आम्हाला वाटायचं, तो तसाच जन्माला आला.

मग एके दिवशी विजेच्या खांबावर कागद चिकटवलेला दिसला. कुंग फू क्लास, तीन महिन्यांत स्वसंरक्षण. क्लास एका इमारतीच्या गच्चीवर चालायचा. फी महिना तीस रुपये, ड्रेसचे वेगळे, आणि दर पट्ट्याच्या परीक्षेचे आणखी वेगळे. मी मायने दिलेले तुपाचे पैसे मोडून भरती झालो. खाली सिमेंटची गच्ची, वर उघडं आभाळ, आणि समोर काळा पट्टा बांधलेले सर.

सर दिसायला देखणे होते, उडी छान मारायचे. बोधिधर्माची गोष्ट ते फार रंगवून सांगायचे. आपल्या देशातला हा बौद्ध भिक्षू चीनला गेला, शाओलिनच्या मठात बसला आणि त्याने चिन्यांना ही विद्या दिली. दीक्षाभूमीच्या शहरात ही गोष्ट पोरांच्या थेट काळजाला भिडायची. आमच्यातले निम्मे तर त्या गोष्टीपायीच टिकले होते. पुढे पुस्तकांत वाचलं तेव्हा कळलं, ही गोष्ट ज्या ग्रंथाच्या आधारावर सांगतात तो सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांचा. ती दंतकथा आहे हे चीनमधल्याच अभ्यासकांनी १९३० च्या दशकात दाखवून दिलं होतं. शाओलिनच्या भिक्षूंनी लढाईत भाग घेतल्याचा खरा जुना पुरावा इ.स. ७२८ च्या शिलालेखात मिळतो. बोधिधर्माला त्यामुळे काही कमीपणा येत नाही. पण सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे सांगायचीही त्यांना सवय नव्हती.

एकदा मी विचारलं, "सर, तुमचे गुरू कोण?"

"हाँगकाँग," सर म्हणाले.

मी माणूस विचारला होता, त्यांनी गाव सांगितलं. पण माझं वय सतरा. मला ते उत्तर भारी वाटलं.

गणपतीत आमचं प्रात्यक्षिक झालं. सरांनी हाताने सात कवेलू फोडले आणि टाळ्यांचा पाऊस पडला. ते कवेलू रचायचं काम माझ्याकडे होतं. दोन कवेलूंच्या मधे दोन्ही टोकांना पेन्सिलीचे तुकडे ठेवायचे. मधे फट राहिली की वरचा फुटताना खालच्याला घेऊन जातो. तेच एकावर एक चिकटवून ठेवले तर तीन फोडताना हात फुटेल. कवेलू आधी दोन दिवस उन्हात कडक वाळवलेले असायचे. हे सगळं मी माझ्या हातांनी करत होतो, तरी सरांवरचा माझा विश्वास हलला नाही. भक्तीत माणूस पेन्सिली लपवायलाही मदत करतो.

सहा महिन्यांत मला पिवळा आणि मग हिरवा पट्टा मिळाला. सोबत अजगरासारखा दिसणारा ड्रॅगन छापलेलं प्रमाणपत्र. जुन्या चिनी परंपरेत असे रंगीत पट्टे नव्हतेच. काळा पट्टा आला जपानच्या ज्युडोमधून, जिगोरो कानो यांनी तो १८८० च्या दशकात सुरू केला. पण तेव्हा माझ्या कमरेला हिरवा पट्टा होता आणि मी गावात परतत होतो.

१९८५ चा उन्हाळा. शाळेला सुट्ट्या. मी शाळेच्या पटांगणावर माझा क्लास काढला. पाच रुपये महिना. पंधरा पोट्टे आले. त्यात माझा चुलतभाऊ होता, अकरा-बारा वर्षांचा. तो फुकट, घरचा म्हणून. तो मला दादा म्हणायचा, पण पटांगणात मी त्याला सर म्हणायला लावलं.

गावात आखाडा होता. मारुतीच्या देवळामागे कवेलूचं छप्पर, खाली मातीचा हौदा आणि बाजूला पुरलेला मल्लखांब. वस्ताद साठीचे. दोन एकर कोरडवाहू, एक बैलजोडी. पोरं कमी होत चालली होती. माझा क्लास निघाला तेव्हा त्यांच्याकडची चार पोरं माझ्याकडे आली. मला त्याचा आनंद झाला होता, हे कबूल करतो.

एका संध्याकाळी वस्ताद बैल घेऊन घरी निघाले होते. पटांगणाच्या कुंपणाशी थांबले. मी पोरांना एकमेकांना उचलून टाकायचा डाव शिकवत होतो. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले,

"काऊन बे, पाडाले त शिकवून रायला. पन त्यायले पडाले शिकवलं का?"

पोट्टे हसले. मी म्हणालो, "वस्ताद, हे कुस्ती नाही. कुंग फू आहे."

"असंन बाप्पा," ते म्हणाले. "पन जमीन त हेच हाय ना?"

त्यांनी बैल हाकले. मी पोरांकडे पाहून डोळा मारला.

तिसऱ्या दिवशी मी तोच डाव करून दाखवत होतो. समोर चुलतभाऊ. पटांगण मुरमाचं, उन्हाने भाजलेलं. मी त्याला कमरेवर घेतलं आणि टाकलं. पडताना त्याने जे कुणीही न शिकलेला माणूस करेल तेच केलं. डावा हात लांब करून जमिनीवर टेकवला. आवाज आला. ओली काडी मोडल्यासारखा. मग त्याची किंकाळी.

कोपराच्या वर हात वाकला होता आणि डोळ्यांदेखत सुजत होता. त्याला उचलून घरी आणलं. काकू पदर तोंडात धरून उभी. कुणी म्हणालं हळद लावा, कुणी म्हणालं बांबूच्या कामट्या बांधा, कुणी शेजारच्या गावच्या हाडवैद्याचं नाव घेतलं. तेवढ्यात वस्ताद आले. गावातली उतरलेली मनगटं, लचकलेले पाय, निखळलेले खांदे तेच बसवायचे. बाबांचा जीव भांड्यात पडला.

वस्तादांनी सुजलेल्या जागेला हातच लावला नाही. आधी मनगटाची नाडी पाहिली. मग बोटांची नखं एकेक दाबून सोडली आणि रंग परत कसा येतो ते पाहत राहिले. "बोटं हालव बाळा," म्हणाले. पोराने रडत रडत हलवली. वस्ताद उठले.

"याले कोनी चोळाचं नाई. बांधाचंबी नाई. हात हाय तसाच उशीवर ठेवा अन् आत्ताच्या आत्ता नागपूरले घेऊन जा."

बाबा म्हणाले, "वस्ताद, तुमीच बसवा ना. एवढ्या लोकायचे हात बसवले तुमी."

"हे माह्या हातचं काम नाई," वस्ताद म्हणाले.

एवढंच. भर गावासमोर, चार माणसं त्यांच्याकडे आशेने बघत असताना. मला नंतर कितीतरी मोठे लोक भेटले, पण हे वाक्य इतक्या सहज बोलणारे फार थोडे.

मालाच्या जीपमधून आम्ही रात्री नागपूरला मेडिकलमध्ये पोचलो. सकाळी डॉक्टरांनी दोन तारा घालून हाड जोडलं. मी दाराशी उभा होतो. डॉक्टर काकांना म्हणाले, "गावात कुणी पट्टी बांधली नाही हे फार चांगलं केलंत." लहान मुलांचं हाड कोपराच्या वर असं मोडलं की रक्ताची मोठी नळी तिथूनच जाते. त्यावर चोळलं, घट्ट कामट्या बांधल्या तर रक्त थांबतं, स्नायू आतल्या आत मरतात आणि पंजा आकसून कायमचा निकामी होतो. असे हात घेऊन आलेली खेड्यातली पोरं त्यांनी पाहिली होती. आमच्या पोराचा हात वाचला. जुळताना थोडा वाकडा जुळला, एवढंच.

काका मला काहीही बोलले नाहीत. काकूने त्या रात्री माझ्या ताटात रोजच्यासारखीच भाकरी वाढली. कुणी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी क्लासचे पाच-पाच रुपये घरोघरी परत केले. हिरवा पट्टा गोठ्यात नेऊन खुंटीला टांगला. पुढे तो कुणीतरी कालवडीला बांधला. मी आखाड्याकडे जायचं टाळत होतो, पण एक दिवस नदीवर वस्ताद समोर आले.

"सुट्टी कवापर्यंत हाय?"

"जूनपर्यंत."

"उद्या पहाटे पाचले ये. लंगोट आन. पट्टा नोको आनू."

पहिले पंधरा दिवस मी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. फक्त माती केली. आमच्याकडची काळी माती आखाड्याला चालत नाही. ओली झाली की पायाला चिकटते, वाळली की ढेकळं होतात. वस्ताद नाल्यापलीकडच्या टेकाडावरून तांबूस माती आणवायचे. ती चाळायची, खडा न् खडा वेचायचा, मग त्यात ताक, तेल, हळद, काव घालून खोऱ्याने वरखाली करायची. रोज पहाटे हौदा गुडघाभर उकरायचा. मला वाटलं, ही शिक्षा आहे. एकदा एक बारका खडा माझ्याकडून राहिला. वस्तादांनी तो उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"हा कोनाच्या पाठीत जाईन?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून मी माती बोटांनी चाळायला लागलो. शिक्षा नव्हती ती, पहिला धडा होता. ज्याच्या हाती दुसऱ्याचं अंग द्यायचं, त्याला आधी जमीन करता आली पाहिजे.

मग पडणं. महिनाभर निव्वळ पडणं. बसून पडायचं, उकिडवं पडायचं, उभ्याने पडायचं, पुढे, मागे, बाजूला. हनुवटी छातीला. दात मिटलेले, जीभ आत. पाठ गोल. हात लांब करून कधीच टेकायचा नाही, खांद्यावरून गोल निघून जायचं. हात टेकला की वस्ताद "नाई" म्हणायचे. ओरडायचे नाहीत. दिवसातून शंभरदा "नाई". प्रत्येक वेळी मला मुरमावर टेकलेला तो एक लहान हात दिसायचा. मला वाटतं, त्यांनाही दिसत असावा. पण त्याबद्दल एक अक्षर ते कधी बोलले नाहीत.

पडता यायला लागलं तेव्हा जोर, बैठका, सपाट्या. मग मल्लखांब. एरंडेल तेल लावलेल्या त्या खांबावर सुरुवातीला हात-पाय नुसते घसरायचे. साध्या अढीला मला तीन आठवडे लागले. डाव तर त्या वर्षी मला मिळालाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात मिळाला, तोही एकच. ढाक.

एका गुरुपौर्णिमेला मी नारळ घेऊन गेलो आणि त्यांनाही तेच विचारलं, जे मी सरांना विचारलं होतं. "वस्ताद, तुमचे वस्ताद कोण?"

त्यांनी तीन पिढ्यांची नावं सांगितली. कोणता डाव कुणाकडून आला तेही. तरुणपणी ते अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात उन्हाळी वर्गाला राहून आले होते. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेलं हे मंडळ. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिम्पिक झालं तेव्हा त्यांचं पथक तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं होतं. "मल्लखांब थो तिथून घेतला," ते म्हणाले. "अन् त्यायनं कोनाकून घेतला, त बाळंभटदादा देवधर म्हनून होते पेशव्यायच्या वक्ती, तितपर्यंत जाते हे." दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला माणूस ते शेजारच्या गल्लीतल्या काकासारखा सांगत होते. आणि मग म्हणाले, "दांडपट्टा मले येत नाई. थो शिकाचा असंन त दुसरा मानूस पाहून देईन."

वस्तादांना चीनबद्दल १९६२ ची लढाई एवढंच ठाऊक होतं. पण नोकरीला लागल्यावर मी कुंग फूबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि पानोपानी मला आमचा आखाडा भेटत गेला. कुंग फू या शब्दाचा मूळ अर्थ मारामारी नाहीच. वेळ आणि कष्ट घालून कमावलेलं कसब, असा तो शब्द आहे. चांगल्या स्वयंपाक्यापाशी, चांगलं अक्षर काढणाऱ्यापाशीही कुंग फू असतं. मारामारीच्या पिक्चरांनी तो शब्द जगभर एकाच कामाला जुंपला. गुरूला ते शिफू म्हणतात. त्यातल्या दुसऱ्या अक्षराचा अर्थ बाप. शिष्य करून घेताना नवा पोरगा गुरूसमोर वाकून चहाचा पेला देतो. आपला नारळ, त्यांचा चहा. घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभं राहायचं, एवढंच महिनोन् महिने करून घेत, दुसरं काही नाही. आणि जुने शिफू हाडवैद्यकीही करायचे. दक्षिण चीनमधला वाँग फेइ-हुंग पिक्चरांतून लढवय्या म्हणून प्रसिद्ध झाला, पण त्याचा औषधांचा दवाखानाही होता. ज्याला मोडता येतं त्याला जोडताही आलं पाहिजे, आणि जोडता येत नसेल तर तसं म्हणता आलं पाहिजे.

म्हणून पात्र शिक्षक कोण हा प्रश्न निघाला की लोक पट्टा आणि प्रमाणपत्र बघतात. बघावं, ते खोटंच असतं असं नाही. पण मी माझ्यापुरतं इतकंच पाहतो, की तो आपल्या गुरूचं नाव सांगतो का, त्याची जमीन कशी आहे, पहिल्या महिन्यात तो काय शिकवतो, आणि "मला येत नाही" हे त्याने कधी म्हटलं आहे का. यातलं एकही मी १९८५ साली पूर्ण करत नव्हतो. खिशात प्रमाणपत्र मात्र होतं.

वस्ताद १९९८ मध्ये गेले. शेवटची काही वर्षं सुट्टीला गावी आलो की मी त्यांच्या पोरांना पडायला शिकवायचो. डाव शिकवायची परवानगी त्यांनी मला कधी दिली नाही. मीही मागितली नाही.

मागल्या वर्षी चुलतभावाचा फोन आला. त्याची धाकटी लेक नागपूरला शिकायला आहे, तेरा वर्षांची. तिला वुशू शिकायचं होतं. वुशू म्हणजे त्याच चिनी विद्येचा आजचा स्पर्धेचा खेळ. १९९० च्या बीजिंगच्या आशियाई खेळांपासून तो तिथे खेळला जातो, आणि आपल्या मुलीही त्यात पदकं आणतात. तिने घरी हट्ट धरला होता.

"दादा," तो म्हणाला, "तू चाल माह्यासंग. थो मास्तर तूच पाह्य. तू हो म्हनशीन त धाडतो."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसून होतो. ज्याचा हात मी मोडला, तो आपल्या पोरीचा हात कुणाच्या हाती द्यायचा ते मला विचारत होता.

आम्ही दोघं गेलो. खाली जाड गाद्या होत्या, सांधे नीट जुळवलेले. शिक्षक तिशीचा पोरगा. मी पहिला प्रश्न विचारला तोच. त्याने आपल्या गुरूचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, किती वर्षं शिकला ते सांगितलं. पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला अभ्यासक्रम केल्याचा कागद विचारल्यावर दाखवला, आपणहून नाही. "समोरासमोरची लढत पहिलं वर्ष नाही," म्हणाला. एका पोराचा गुडघा सुजला होता, त्याला त्याने कडेला बसवलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय यायचं नाही म्हणून सांगितलं. मग मी विचारलं, "तलवार, भाला वगैरे शिकवता का?"

"नाही काका. मला ते नीट येत नाही."

मी भावाकडे पाहिलं. तोही माझ्याकडेच बघत होता.

तोवर पोरीला गादीवर घेतलं होतं. तिला मागे पडायला सांगितलं. पहिल्यांदा तिने हात टेकवला. "नाही," शिक्षक शांतपणे म्हणाला. दुसऱ्यांदा टेकवला. "नाही." प्रत्येक वेळी ती मागे जायची तेव्हा माझ्या शेजारी भाऊ आपला डावा हात पोटाशी घट्ट धरायचा. त्याला ते कळतही नव्हतं. सातव्या की आठव्या खेपेला तिची हनुवटी छातीला लागली, पाठ गोल झाली आणि दोन्ही हात सपाट गादीवर वाजले. फट्.

"हां," शिक्षक म्हणाला.

तास संपल्यावर तो आमच्याकडे आला. फॉर्मवर भावाची सही घेताना त्याची नजर कागद धरलेल्या हातावर गेली.

"काका, लहानपणी कोपर मोडलं होतं ना? हात टेकून पडला होता?"

मी वाट पाहत होतो झाडाची. भावाने सही पूर्ण केली, पेनाला टोपण लावलं.

"हाव," तो म्हणाला. "शिकताना पडलो."

"शिकवत मी होतो," मी म्हणालो.

शिक्षकाने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. फॉर्म घडी करून ठेवला आणि म्हणाला, "सोमवार, बुधवार, शुक्रवार. संध्याकाळी साडेपाच. नखं कापून पाठवा."

खाली उतरल्यावर भावाने दोन चहा सांगितले. पोरगी तेवढ्या वेळात फूटपाथच्या कडेला बसून कोपर आणि खांदे चाचपून पाहत होती.

"दुखते का?" त्याने विचारलं.

"थोडं."

"दुखू दे," तो म्हणाला आणि एक बशी माझ्यापुढे सरकवली. "पडते चांगली. नाई का दादा?"